योगराजचा एक कोटी

योगराज गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. धुळ्यातल्या ज्या ज्युनियर कॉलेजात मी शिकवतो तिथं प्रॅक्टिकल चालू होतं. फोन थरथरला म्हणून पाहिलं, तर त्याचा हसरा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची छापील चौकट आणि खाली ओळ : 'आपल्या सर्वांचा लाडका थापाड्या आज सकाळी जळगावला आपल्याला सोडून गेला. भावपूर्ण श्रद्धांजली.' पाठोपाठ हात जोडलेल्यांची रांग लागली. मग कुणीतरी विचारलं, 'अरे, बॅनर करायचाय. त्याचं खरं नाव काय?' कुणी लिहिलं, युवराज. कुणी लिहिलं, योगेश असेल. तीस-पस्तीस माणसांचा ग्रुप, वीस-बावीस वर्षांची ओळख, आणि पंधरा मिनिटं झाली तरी मेलेल्या माणसाचं नाव कुणाला सापडेना... शेवटी मी लिहिलं, 'योगराज.' तीन-चार जणांनी आभार मानले. ज्यानं ते नाव पुसलं त्याचेच आभार मानतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

योगराज स्वभावानं गोड होता, कष्टाळू होता, हे सांगणारे पुष्कळ निघतील आणि ते खरंच सांगतील. मला जे सांगायचंय ते त्याच्याइतकंच माझ्याविषयी आहे. मयतावर लिहिताना स्वतःविषयी लिहू नये म्हणतात. पण इथं दुसरा इलाज नाही.

आग्रा रोडवर चपलांच्या एका दुकानावर आमचा क्लास होता. दहा मशिनं, बाहेर चपला काढायच्या, आणि सरांचा नियम असा की टायपिंगचा सराव संपला तर उरलेला वेळ तुमचा. उरलेल्या वेळात सगळे एकच करायचे, मशीनबरोबर फुकट आलेला पिनबॉल उघडायचे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक तिरपं टेबल, उजवीकडून स्प्रिंगनं एक गोळी वर उडते, खांबांवर, दिव्यांवर आपटत गुण मिळवत खाली येते. खाली दोन दांड्या असतात, कीबोर्डच्या दोन टोकांच्या दोन बटणांनी हलणाऱ्या. त्यांनी गोळी पुन्हा वर मारायची. दोन्हींच्या मधून ती निसटली की गेली. अशा तीन गोळ्या, आम्ही त्यांना बॉलच म्हणायचो. आमची खेळण्याची पद्धत म्हणजे दोन्ही बटणं धोब्यानं कपडे बडवावेत तशी बडवायची आणि नशिबाला शिव्या द्यायच्या.

योगराज चाळीसगावकडच्या एका खेड्यातून आलेला, देवपुरात मावशीकडे राहायचा. पहिले दोन आठवडे तो खेळलाच नाही. लोकांच्या पाठीमागं उभा राहून नुसता बघायचा. आम्ही समजलो, गावाकडचा आहे, बुजलाय. मग एक दिवस माझ्याच खुर्चीमागून आवाज आला, "दोन्ही दांड्या संगे कसाले मारतस तुम्ही? मधला रस्ता मोकया व्हस ना." मी दोन्ही दांड्या एकदम उचलून पाहिल्या. खरंच, मधली फट वाढत होती. चार महिने आम्ही आमच्याच हातानं बॉलला दार उघडून देत होतो आणि दहांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

तो खेळायला बसला तेव्हा कळलं की दोन आठवडे हा वेळ घालवत नव्हता. बॉल खाली आला की तो बटण दाबून धरायचा, दांडी वर उचललेली राहायची आणि बॉल घरंगळत तिच्या कुशीत येऊन चक्क थांबायचा. आम्हाला तो खेळ म्हणजे धावपळ वाटायची, हा तर त्यात श्वास घेत बसायचा. मग बटण सोडायचं, बॉल दांडीवरून टोकाकडे निघाला की नेम धरून मारायचा. टोकाजवळून मारला तर पलीकडच्या बाजूला जातो, अलीकडून मारला तर वर सरळ. कुठला दिवा आधी लावला म्हणजे नंतरच्यांचे गुण दुप्पट होतात, हे त्यानं एका शंभर पानी वहीत आकृत्या काढून लिहिलं होतं. सुरुवातीला स्प्रिंग पूर्ण ओढायची नाही, अर्धीच ओढली तर बॉल एका ठरावीक गल्लीत पडतो आणि पहिल्याच फटक्याला बक्षीस मिळतं. टेबल हलवायचं बटण असतं, ते हळूच वापरायचं, फार हलवलं की मशीन रुसतं आणि दांड्या बंद पडतात. मी उतावळा. बॉल अर्ध्यात असतानाच माझी बोटं वळवळायची. तो माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "त्याले येऊ दे, भो. तो येस ना तुनाकडे, तू कसाले धावस?" आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कोअरकडे पाहायचं नाही. नजर आकड्याकडे गेली की बॉल गेला. त्याच्या शिकवण्यातली एवढी एकच गोष्ट मला कधी जमली नाही.

त्याच्या दोन बोटांनी माझा स्कोअर सहा लाखांवरून ब्याऐंशी लाखांवर नेला. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बारावीत एकदा आपटलेला, घरी दोन हुशार बहिणी, वडील शिक्षक... आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी पहिला होतो. कुणी हसेल, फुकटच्या खेळात पहिला! पण ज्याला कधीच पहिला नंबर मिळालेला नाही त्याला विचारा, नंबर कशातला आहे हे तो विचारतो का.

व्हायरसच्या भीतीनं सर दर रविवारी सगळी मशिनं पुसून काढायचे, त्यात आमचे स्कोअरही जायचे. म्हणून स्टेशनरीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता, त्यावर नावं आणि आकडे. पण मग सोमवारी कुणीही यायचं आणि शनिवारी मी एवढे केले म्हणून ठोकून द्यायचं. भांडणं व्हायला लागली तेव्हा योगराजनं तोडगा काढला. ज्याचा आकडा मोडला त्यानं स्वतः पाहायचं आणि नव्या आकड्यापुढं स्वतःची सही करायची. हरलेल्याची सही असल्याशिवाय आकडा खरा नाही. सगळ्यांना ते पटलं. सर तर म्हणाले, "याला वकील करा." त्याला वाटलं होतं की हरणारा माणूस खोटं कशाला बोलेल. इतका भोळा माणूस मी नंतर पाहिला नाही.

तो शनिवार होता, दुपारची वेळ. बाकीचे खाली चहाला गेले होते. वर आम्ही दोघंच, तो खेळत होता आणि मी शेजारच्या स्टुलावर. दुसराच बॉल चालू होता आणि तो खाली येतच नव्हता. ब्याऐंशी लाख कधी मागं पडले ते त्याला कळलं नाही, कारण तो बघतच नव्हता. मी बघत होतो. नव्वद गेले. पंच्याण्णव गेले. आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ चारची, पण त्या दिवशी तीनलाच गेली. यूपीएस म्हातारा, तो पिक्-पिक् करायला लागला, म्हणजे फार तर एक मिनिट हातात. योगराजनं बॉल दांडीवर घेतला, खेळ थांबवला आणि तेव्हा कुठं वर आकड्याकडे पाहिलं. "विजू, देखी ले. लवकर देखी ले, भो." मी वाकून पाहिलं. एक कोटी चार लाख बावीस हजार आणि पुढं काही. आठ आकडे होते. मी ते मोजले. विश्वास बसेना म्हणून परत मोजले. मग पडदा काळा झाला.

जिन्यावर पावलं वाजली, पोरं वर आली. योगराज खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता. "कोटी झाया! कोटी! विचारा विजूले." कुणीतरी कपाट उघडलं, कुणीतरी पेन माझ्या हातात दिलं. माझं नाव त्या कागदावर सगळ्यात वर होतं, सात आठवडे होतं. मी म्हणालो, "मी कुठं पाहिलं? लाइट गेली तेव्हा मी खिडकीपाशी होतो." एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित नंतर परतता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि योगराजही पाहत होता, म्हणून मी पुढं म्हणालो, "पण थाप झकास आहे. थाप मारावी तर कोटीची मारावी." खोली हसली. योगराजही हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, आत्ता सही करीन. माझ्या हातातल्या पेनाकडे बघत तो बराच वेळ तसाच हसत उभा होता. मी पेन कपाटात ठेवून दिलं.

त्या संध्याकाळपर्यंत तो थापाड्या झाला होता. आपल्याकडे आईबापानं ठेवलेलं नाव मागं पडतं, चौघांनी ठेवलेलं मात्र मरेपर्यंत सुटत नाही. क्लासमध्ये तो परत त्या खेळाला कधी बसला नाही. सराव संपला की हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहायचा. माझे ब्याऐंशी लाख कपाट विकलं जाईपर्यंत पहिल्या नंबरवर राहिले. कसला पहिला नंबर! त्या कागदाकडे पाहायचीसुद्धा मला नंतर इच्छा होत नसे.

त्यानं मला एकदाच विचारलं. दोन-तीन महिन्यांनी असेल, मी सायकल चालवत होतो, तो मागं कॅरियरवर, पांझरेच्या पुलावर आम्ही होतो. मागून आवाज आला, अगदी साधा, किती वाजले विचारावं तसा. "विजू, तू देखं व्हतं ना?" माझं तोंड पुढं होतं, त्याला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "नाही रे." तो म्हणाला, "बरं." आणि मग मावशीच्या घरी पाहुणे आलेत, त्याचं काहीतरी सांगायला लागला.

त्यानं माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मैत्री ठेवली. क्लास संपल्यावर तो जळगावला गेला, वजनकाटे दुरुस्त करायला शिकला, मेहरूणला घर केलं. सोनाराच्या काट्यापासून कापसाच्या गाडीच्या काट्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जायचं. धुळ्याच्या मार्केट यार्डात कामाला आला की दुपारी माझ्याकडे जेवायचा. शेवभाजीत भाकरी चुरायचा, पोरांशी खेळायचा. व्यापारी त्याच्या शब्दावर डोळे मिटून माल मोजायचे, आणि आम्ही त्याचे मित्र, तो 'आज ऊन फार आहे' म्हणाला तरी खिडकीतून बाहेर पाहून खात्री करायचो. माझ्या लग्नात मित्रांनी बायकोशी त्याची ओळख 'हा थापाड्या' अशी करून दिली आणि मी शेजारी हार घालून उभा होतो. पुढं कित्येक वर्षं तो गेला की बायको हळूच विचारायची, "हे सांगत होते ते खरं असतं का हो?" मी म्हणायचो, "अगं, असतं बहुतेक." बहुतेक!

हळूहळू त्यानं सांगणंच कमी केलं. आणि सांगायचं असेल तर आधी पुरावा काढायचा. मुलगी ऋतुजा दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा माझ्याकडे पेढे घेऊन आला. कुणी काही बोलायच्या आत त्यानं शर्टाच्या खिशातून तिच्या मार्कलिस्टची घडी काढून टेबलावर उलगडली, ती माझ्याकडे फिरवली आणि मग म्हणाला, "ऋतू पहिली आली." माझ्या घरात, माझ्यासमोर. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात ग्रुपचा मेळावा लळिंगला ठरला. त्यानं लिहिलं, 'तब्येत बरी नाही, नाशिकला तपासण्या चालू आहेत, मला जमणार नाही.' खाली लगेच सुरू झालं. 'थाप!' 'वहिनीनं सोडलं नाही असं सांग ना.' हसऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. त्या माळेत एक चेहरा माझाही आहे, अजून आहे, मी तो पुसलेला नाही. या वेळी त्यानं पुरावा दाखवला नाही. आठवड्यानं मी फोन केला तर म्हणाला, "खरंच बरं नाही रे, विजू." त्या 'खरंच'नं मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी एकदा जळगावला निघालो. आता सांगून टाकू, पाय धरू, जे काय करायचं ते करू, असं ठरवून सकाळी धुळ्याच्या स्टँडवर बसमध्ये बसलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरलो, समोर धुळ्याची गाडी लागलेली होती, तिच्यात बसलो आणि घरी आलो. बायकोला सांगितलं की तो झोपलेला होता. हेही खोटंच. पुढं परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं... आणि मग झेंडूच्या चौकटीतला तो फोटो आला.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी मेहरूणला गेलो. या खेपेला पारोळ्याला उतरलो नाही. सुनंदावहिनींनी पाणी दिलं, समोर बसल्या. मी इकडचं-तिकडचं न बोलता सरळ सांगितलं. लाइट, यूपीएस, आठ आकडे, पेन, सगळं. माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. माझं संपल्यावर म्हणाल्या, "माले माहीत शे, भाऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं त्यांनी. तुम्ही दोनदा मोजलं म्हणे. मोजताना तुमचे ओठ हलत होते."

म्हणजे मी मोजत होतो तेव्हा योगराज आकड्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. पुलावर त्यानं विचारलं ते माहीत करून घ्यायला नव्हतंच. मी नीट बोलण्याची त्यानं मला एक संधी दिली होती, आणि मी ती नाकारल्यावर 'बरं' म्हणून बाजूला ठेवली होती. मी विचारलं, "मग तो कुणाला बोलला का नाही? मला शिव्या का नाही दिल्या?"

"कुणी खरं मानलं असतं?" वहिनी म्हणाल्या. "आणि त्यांना तुम्ही हवे होते. ते म्हणायचे, विजूला एक गोष्ट जमली नाही म्हणून काय त्याला टाकून देऊ? मी म्हणायची, द्या. तुम्ही आमच्याकडे यायचे तेव्हा मी चहा करून आतूनच पाठवायची. बाहेर येऊन बसली नाही कधी. तुमच्या ध्यानात आलं का?"

आलं होतं. पण इतकी वर्षं मी समजत होतो की वहिनी लाजऱ्या आहेत.

"तुम्ही आता सांगितलं, भाऊ. तुम्हाला बरं वाटलं असेल. माझं काही हलकं झालं नाही, खरं सांगते." त्या रागावलेल्या नव्हत्या. पाण्याचा पेला उचलून आत गेल्या. माफी मिळेल अशा तयारीनं मी धुळ्याहून आलो होतो, दोन वाक्यं पाठही केली होती. ती तशीच परत नेली.

आतल्या खोलीत ऋतुजा होती. काट्यांच्या कामासाठी लागणारा कुठलातरी जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही, म्हणून योगराजनं एक जुना कॉम्प्युटर जपून ठेवला होता. त्यावर ती पिनबॉल खेळत होती. मी दारात उभा राहिलो. पाठ ताठ, बोटं बटणांवर नुसती टेकलेली, बॉल वर कितीही आपटला तरी हात हलत नव्हते. खाली आला की ती त्याला दांडीवर घ्यायची, थांबवायची आणि मगच मारायची. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. शेवटचा बॉल गेला तेव्हा पडद्यावर पहिल्या पाचांची यादी उघडली. पाचही आकडे कोटीच्या वरचे. सगळ्यात वरचा चार कोटी तीस लाखांचा. आणि नावाच्या जागी काही नाही. पाचही ओळी रिकाम्या. नुसते आकडे.

"नावं का नाहीत?" मी विचारलं.

"पप्पा टाकायचेच नाहीत," ती म्हणाली. "नाव विचारलं की रिकामंच ठेवून पुढं जायचे. म्हणून मीपण टाकत नाही. खालचा आत्ताचा माझा, वरचे चार त्यांचे."

चार कोटी तीस लाख त्यानं कधी केले असतील, या खोलीत कोण होतं तेव्हा... त्यानं उठून कुणाला हाक मारली असेल का? मला राहवेना. मी म्हणालो, "अगं, आता तरी टाक त्याचं नाव. कसं टाकायचं ते मी दाखवतो. कुणी विचारलं तर मी सांगीन, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घर लहान आहे, बाहेरचं बोलणं तिच्या कानावर गेलंच असेल. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं खरंच विचारलं.

"पण काका, तुम्ही पाहिलं नसतं तरी ते तेवढेच असते ना?"

तिनं यादी बंद केली आणि पुढचा डाव सुरू केला.